गाडीतला हीटर थंड का पडतो?

पौषातल्या पहाटे वडवणीहून बीडला निघालेल्या जीपमध्ये बसले की अंगावरचे घोंगडे काढवत नाही. काचेवर आतून दव धरते. समोरचा रस्ता धूसर दिसतो. चालक हीटरचे बटण फिरवतो. पंखा घुमतो, वारा येतो; पण तो गारच! मग चालक म्हणतो, "हीटर गेला वाटतं. जाऊ द्या, आपल्याकडं थंडी असते किती दिवस?"

आम्ही म्हणतो, जाऊ देऊ नका. गार हीटर ही कधी कधी मोठ्या दुखण्याची पहिली खूण असते. ती कशी, ते पाहू.

डिझेलच्या किंवा पेट्रोलच्या गाडीत हीटरसाठी बहुधा वेगळी चूल नसते. इंजिनात इंधन जळते, त्यातली पुष्कळ उष्णता वाया जाते. ती काढून नेण्यासाठी इंजिनाभोवती पाणी खेळवलेले असते. ते तापले की पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये जाऊन निवते आणि परत येते. पाटाला फाटा फोडावा तसा या पाण्याचा एक फाटा दोन नळ्यांनी आत नेलेला असतो. तिथे एक लहानशी जाळी असते. तिच्यावरून पंखा वारा मारतो आणि वारा ऊन होतो. म्हणजे हीटरची ऊब ही इंजिनाची उरलेली ऊब. इतके ध्यानात आले की अर्धे काम झाले.

वाराच येत नसेल, तर दोष पंख्याचा किंवा त्याच्या विजेचा. आधी फ्यूज पाहावा. ही गोष्ट किरकोळ आहे.

वारा येतो पण गार येतो, तेव्हा समोरचा उष्णतेचा काटा पाहावा. गाडी नुकतीच चालू केली असेल तर चार-पाच मैल थांबा. पाणी अजून तापलेलेच नाही. बराच वेळ चालूनही काटा खालीच राहिला, तर थर्मोस्टॅट नावाची झडप उघडी अडकली असावी. ही झडप पाणी साधारण ८० ते ९० अंशांवर गेले की उघडते. ती कायम उघडी राहिली तर पाणी सारखे रेडिएटरमध्ये जाऊन निवते.

काटा मध्यावर नीट आहे, तरी वारा गार? मग गाडी उभी करून इंजिन बंद करा आणि आत जाणाऱ्या त्या दोन नळ्यांना जपून हात लावा. दोन्ही कढत असतील तर पाणी पोचते आहे. वाऱ्याची वाट फिरवणारे आतले झाकण अडकले आहे. एक कढत आणि एक गार असेल तर आतली जाळी तुंबली आहे, किंवा नळीवर तोटी असल्यास ती बंद आहे. दोन्ही गार असतील तर पाणी कमी आहे, नाहीतर नळीत हवा कोंडली आहे.

आता सर्वांत वाईट प्रकार. काटा वर चढतो आहे आणि हीटर मात्र गार! याचा अर्थ बहुधा पाणी निघून गेले. अशी गाडी आणखी दोन मैल रेटली तर गॅस्केट उडते, हेड वाकते, इंजिन बसते. खर्चाने घरधनी बसतो तो वेगळाच. गाडी तिथेच उभी करावी.

आणि घाईने रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते, म्हणून ते १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब सुटतो आणि उकळते पाणी व वाफ तोंडावर, हातावर उडते. इंजिन हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. मग जाड फडके धरून झाकण हळूहळू फिरवावे.

जाळी तुंबते कशाने? आपल्याकडे बोअरचे पाणी जड. चुलीवरच्या पातेल्याला आतून पांढरी खपली धरते ना, तीच खपली नळ्यांत धरते. म्हणून बोअरचे पाणी ओतू नये. गाडीच्या पुस्तकात सांगितलेले कूलंट घालावे. ते शुद्ध पाण्यात मिसळून वापरायचे असेल तर पुस्तकात दिलेल्या प्रमाणातच मिसळावे. वाटेत नाइलाज झाला, तर मिळेल ते पाणी घालून गाव गाठावे आणि मग ते काढून टाकावे. पायाखालची चटई ओली, गाडीत गोडसर वास आणि काचेवर चिकट धूर दिसला, तर आतली जाळीच गळते आहे. बहुतेक कूलंट विषारी असते, आणि चवीला गोड. काढलेले कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नका. पोर किंवा कुत्रे तोंड लावील.

हीटर बिघडला म्हणून बंद गाडीत शेगडी पेटवून कुणी झोपतो. दारे लावलेल्या शेडमध्ये इंजिन चालू ठेवूनही कुणी झोपतो. दोन्हींतून विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो. झोपलेला माणूस उठत नाही.

मेस्त्रीकडे जाताना काटा कुठे होता, कोणती नळी कढत होती, पाणी किती उणे होते, हे पाटीवर किंवा कागदावर लिहून न्यावे. आता लिहिता येतेच आहे. नुसते "हीटर गेला" म्हटले, तर चांगला सुटा भागही बदलला जातो आणि पैसे आपल्याला मोजावे लागतात.