मंगळावरील ‘चेहरा’ : आकार, छायाचित्र आणि पुरावा

मंगळाच्या पृष्ठभागाच्या छायाचित्रांत मानवी चेहरा, पिरॅमिड, प्राण्यांची हाडे इत्यादी आकार दिसल्याचे दावे वारंवार केले जातात. त्यांवरून तेथे सजीव असल्याचे अनुमान काढता येईल काय, असे विद्यार्थीही विचारतात. या प्रश्नाची केवळ थट्टा करणे योग्य नव्हे; कारण छायाचित्र पुरावा केव्हा ठरते, हा त्यातील खरा मुद्दा आहे. त्या दृष्टीने सिडोनिया प्रदेशातील ‘चेहऱ्या’चे उदाहरण विशेष उद्बोधक ठरते.

‘व्हायकिंग-२’ साठी उतरण्याची जागा शोधताना ‘व्हायकिंग-१’ च्या कक्षायानाने २५ जुलै १९७६ रोजी या प्रदेशाचे छायाचित्र घेतले. त्या वेळी सूर्य तेथील क्षितिजापासून जेमतेम १० अंश वर होता. साहजिकच एका टेकडीचा अर्धा भाग गडद सावलीत गेला आणि उरलेल्या भागात डोळा, नाक व ओठ असल्याचा भास झाला. छायाचित्रातील एक चित्रबिंदू सुमारे ५० मीटर भूमी दर्शवीत होता. म्हणजेच सुमारे दोन किलोमीटरचा तो ‘चेहरा’ अवघ्या काही डझन बिंदूंच्या रुंदीत सामावला होता. नाकपुडी वाटणारा काळा ठिपका तर मंगळावर नव्हताच. संदेशवहनात माहिती गळाल्याने तो उमटला होता. हा सावल्यांचा भास आहे, असे नासाने छायाचित्र प्रसिद्ध करतानाच नमूद केले होते. तथापि चित्र लोकांच्या स्मरणात राहिले आणि ते निवेदन मागे पडले.

दावा करणाऱ्यांची बाजू मात्र अगदीच पोकळ नव्हती. व्हिन्सेंट डीपिएट्रो व ग्रेगरी मोलेनार यांनी त्याच टेकडीचे, सूर्य अधिक उंचीवर असतानाचे दुसरे छायाचित्र शोधून काढले आणि त्यातही चेहरा दिसतो असे प्रतिपादन केले. रिचर्ड होगलंड यांनी १९८७ मधील ग्रंथात यावरून लुप्त संस्कृतीची कल्पना मांडली. कार्ल सेगन यांना ही कल्पना मान्य नव्हती. परंतु ती तपासून पाहता येण्याजोगी आहे, हे त्यांनी मान्य केले होते.

तशी तपासणी ५ एप्रिल १९९८ रोजी झाली. ‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’ने सुमारे दसपट अधिक स्पष्ट छायाचित्र पाठविले आणि त्यात झिजलेली टेकडी दिसली. विरळ ढगांमुळे तपशील झाकले गेले, असा आक्षेप घेण्यात आला. ८ एप्रिल २००१ रोजी निरभ्र स्थितीत पुन्हा छायाचित्र घेण्यात आले. या वेळी एक चित्रबिंदू सुमारे दीड मीटरचा होता. तीच सपाट माथ्याची, कडा ढासळलेली टेकडी दिसली. एवढ्या स्पष्टतेत कृत्रिम रचनेच्या खुणा ठळक व्हावयास हव्या होत्या. प्रत्यक्षात चेहराच विरून गेला.

अपुऱ्या तपशिलात ओळखीची आकृती शोधण्याच्या या प्रवृत्तीस ‘पॅरिडोलिया’ म्हणतात. मंगळाच्या बाबतीत तिचा इतिहास जुना आहे. पर्सिव्हल लॉवेल यांना दुर्बिणीतून कालव्यांचे जाळे दिसत असे. एडवर्ड माँडर यांनी ग्रिनिच येथील शाळकरी मुलांसमोर कालवे नसलेली मंगळाची चित्रे ठेवली. ठरावीक अंतरावर बसलेल्या मुलांनी ती उतरविताना सरळ रेषा काढल्या. हा प्रयोग १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना कोणी कालव्यांविषयी पढविले नव्हते, ही त्यातील विशेष बाब होय.

जुलै २०२४ मध्ये ‘पर्सिव्हिअरन्स’ या फिरत्या यानाला जेझेरो विवराच्या परिसरात बिबट्याच्या ठिपक्यांसारख्या खुणा असलेला खडक आढळला. येथेही लक्ष प्रथम आकारानेच वेधले. मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाचा भर खडकातील सेंद्रिय कार्बन आणि लोहाच्या फॉस्फेट व सल्फाइड खनिजांवर होता. तरीही संशोधकांनी त्यास ‘संभाव्य जैवचिन्ह’ एवढेच म्हटले; कारण अशी खनिजे सजीवांविनाही निर्माण होऊ शकतात. त्या खडकाचा नमुना यानाने नळीत बंद करून ठेवला आहे. निर्णायक तपासणी व्हावयाची तर तो पृथ्वीवरील प्रयोगशाळेत आणावा लागेल.