कार्ब्युरेटरची ती उघडी नळी बंद करू नका!

ठाणे असो की डोंबिवली, जोराचा पाऊस झाला की रस्त्यावर पाणी साचतंच. अशा पाण्यातून एमएच-04 किंवा एमएच-05 नंबरची जुनी स्कूटर काढताना ती आचके देत बंद पडते. आपल्याला वाटतं, प्लग भिजला. पण कधी कधी कारण असतं करंगळीपेक्षा बारीक अशी एक नळी. तिचं टोक पाण्यात बुडालेलं असतं.

ही नळी करते काय?

कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीत थोडं पेट्रोल साठवलेलं असतं. इंजिन हवा खेचतं तेव्हा कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात हवेचा दाब कमी होतो. वाटीतल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. तोच दाब पेट्रोलला जेटमधून वर ढकलतो. बाहेरची हवा वाटीत पोहोचते ती या नळीतून, म्हणजे व्हेंट पाइपमधून. तो बुडाला, चेपला किंवा कुणी स्क्रू ठोकून बंद केला, तर इंजिनला पेट्रोल पुरत नाही.

कोणता पाइप कुठे?

- व्हेंट पाइप: टोक उघडंच हवं. कंपनीने दिलेल्या वाटेनेच न्या, कुठे दुमडू देऊ नका.
- ओव्हरफ्लो पाइप: वाटीच्या तळातून खाली येतो. टोक गरम सायलेन्सरपासून लांब ठेवा. यातून पेट्रोल ठिबकत असेल तर दोष बहुधा फ्लोटच्या सुईत असतो. पाइप बुजवून तो जात नाही.
- व्हॅक्यूम पाइप: अनेक स्कूटरमध्ये इंजिनच्या ओढीवर पेट्रोलचा कॉक उघडतो. हा पाइप दोन्ही टोकांना घट्ट बसलेला हवा. व्हेंटशी अदलाबदल झाली की गाडी चालत नाही.
- वाफेचा पाइप: टाकीतली पेट्रोलची वाफ एका काळ्या डब्यात जाते. त्यातला कोळसा ती धरून ठेवतो आणि इंजिन चालू झालं की दुसऱ्या पाइपने ती इंजिनात जळते.

हा काळा डबा दुचाकींवर सर्रास दिसू लागला तो बीएस-4 नियमांमुळे. 1 एप्रिल 2017 पासून ते देशभर लागू झाले. 2020 मध्ये बीएस-6 आलं आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळपास गेलाच.

डबा काढून टाकला तर?

‘काही फरक पडत नाही’ असं सांगून काही जण तो काढतात. पण मग वाफ बाहेर पडते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे इमारतीखालच्या बंदिस्त पार्किंगमध्ये ती जमिनीलगत साचते. तिथे एक ठिणगीही पुरते.

घरी काय तपासाल?

गाडी काही किलोमीटर चालून बंद पडते, टाकीचं झाकण उघडताच ‘सुस्स’ आवाज येतो आणि मग ती पुन्हा सुरू होते? मग टाकीत हवा जाण्याची वाट तुंबलेली असू शकते.

गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर उघडण्याआधी सगळ्या पाइपांचे मोबाइलवर फोटो काढा. कडक झालेले, चिरलेले पाइप बदलून पेट्रोलसाठीचेच पाइप घाला. काम इंजिन थंड असताना, मोकळ्या जागेत करा.

आणि पाण्यात गाडी बंद पडलीच, तर स्टार्टर मारत राहू नका. ढकलत कोरड्या जागी न्या, आधी एअर फिल्टर पाहा. तो ओला असेल तर गाडी सुरू न करता मेकॅनिकला बोलवा. इंजिनात पाणी ओढलं गेलं, तर खर्च एका नळीवर थांबत नाही.