मोटार विमा

मोटार विमा म्हणजे वाहनाच्या वापरातून उद्भवणारी आर्थिक जबाबदारी आणि त्या वाहनाची हानी यांपासून संरक्षण देणारा करार होय. भारतात त्याचे दोन भाग आहेत. इतरांच्या हानीची भरपाई करणारा ‘त्रयस्थ पक्ष विमा’ कायद्याने सक्तीचा आहे. मालकाच्या वाहनाची भरपाई करणारा ‘स्व-नुकसान विमा’ ऐच्छिक आहे. दोन्ही एकत्र असलेल्या विमापत्रास सर्वसमावेशक विमा म्हणतात.

कायदेशीर तरतुदी

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील सक्तीच्या विम्याची तरतूद १ जुलै १९४६ पासून अमलात आली. सध्या मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १४६ लागू आहे. विम्याविना वाहन चालविल्यास पहिल्या अपराधासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास, २,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुढील अपराधासाठी दंड ४,००० रुपये आहे.

१ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा त्रयस्थ विमा एकदम घ्यावा लागतो. स्व-नुकसानाचा भाग मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. त्यामुळे विमापत्रावरील दोन्ही मुदती स्वतंत्रपणे पाहणे आवश्यक ठरते.

त्रयस्थ पक्ष विमा

अपघातात अन्य व्यक्तीचा मृत्यू किंवा तिला इजा झाल्यास न्यायाधिकरणाने ठरविलेली भरपाई विमा कंपनी देते. मालमत्तेच्या हानीसाठी खाजगी मोटारीच्या प्रचलित विमापत्रात साडेसात लाख रुपयांची मर्यादा असते. चालकाकडे वैध परवाना नसला, तरी अनेक प्रकरणांत न्यायालये पीडितास आधी भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीस देतात.

या विम्यातून मालकाच्या मोटारीची दुरुस्ती होत नाही. खाजगी मोटारीत बसलेले कुटुंबीय व स्नेहीही केवळ त्रयस्थ विम्याने संरक्षित होत नाहीत. सर्वसमावेशक विमापत्रात ते समाविष्ट असतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बालकृष्णन प्रकरणात मान्य केले. स्वतः गाडी चालविणाऱ्या मालकासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण वेगळे घ्यावे लागते.

स्व-नुकसान विमा

टक्कर, चोरी, आग, पूर, भूकंप व दंगल यांमुळे झालेले नुकसान यात येते. नेहमीची झीज, यांत्रिक बिघाड आणि मद्यपान करून वाहन चालविल्याने झालेली हानी वगळलेली असते.

मोटार चोरीस गेल्यास ‘विमा घोषित मूल्य’ हा भरपाईचा आधार असतो. रूढ कोष्टकानुसार चौथ्या वर्षात किमतीतून ४० टक्के घसारा वजा होतो. म्हणजे आठ लाखांच्या मोटारीचे मूल्य ४ लाख ८० हजार धरले जाते. दुरुस्तीच्या वेळी रबर व प्लॅस्टिकच्या सुट्या भागांवर ५० टक्के घसारा लागतो. शून्य घसाऱ्याचे जोड-संरक्षण घेतल्यास हा भार टळतो. दावा न केल्यास पहिल्या वर्षी २० टक्के आणि पुढे वाढत ५० टक्क्यांपर्यंत ‘दावा नाही बोनस’ मिळतो. मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण न केल्यास तो जातो.

वऱ्हाडातील स्थिती

त्रयस्थ विम्याचे दर देशभर समान असतात. स्व-नुकसानाच्या हप्त्यासाठी २००२ च्या भारतीय मोटार दरपत्रकात मोटारींकरिता मुंबई, पुणे यांसह आठ शहरे ‘अ’ विभागात, तर उर्वरित भारत ‘ब’ विभागात ठेवला आहे. अमरावती (एमएच-२७) व अकोला (एमएच-३०) ‘ब’ विभागात असून तेथील मूळ दर कमी आहेत. विभाग नोंदणीच्या ठिकाणावरून ठरतो.

जुलै २०२१ मध्ये मोर्णा नदीच्या पुराचे पाणी अकोला शहराच्या सखल वस्त्यांत शिरले होते. अशा पुरात मोटारीची हानी विम्यात येते. मात्र पाण्यात बुडालेली मोटार सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिन निकामी झाल्यास, इंजिन संरक्षणाची जोड नसताना कंपन्या ते परिणामजन्य नुकसान मानून दावा नाकारू शकतात. म्हणून मोटार सुरू न करता ओढून नेणे इष्ट असते.

शेगाव किंवा चिखलदऱ्याच्या फेरीसाठी खाजगी मोटार भाड्याने दिल्यास विमापत्रातील वापराच्या अटीचा भंग होतो.

दावा व तक्रार निवारण

अपघातानंतर कंपनीस विनाविलंब कळवावे व सर्वेक्षकाच्या पाहणीपूर्वी दुरुस्ती करू नये. चोरी किंवा जीवितहानी झाल्यास पोलिसांत नोंद आवश्यक असते.

पीडित किंवा वारस आपल्या निवासाच्या क्षेत्रातील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात. पुण्यात अपघात झाला, तरी अमरावती शहरात राहणाऱ्या वारसांना अमरावतीत दावा दाखल करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत घातली आहे. या जिल्ह्यांतील निवाड्यांवरील अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे होते. धडक देऊन पळालेले वाहन न सापडल्यास २०२२ च्या शासकीय योजनेनुसार मृत्यूसाठी दोन लाख व गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात.

कंपनीने दावा नाकारल्यास प्रथम तिच्याच तक्रार कक्षाकडे लेखी दाद मागावी. त्यानंतर विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते किंवा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते.