करंट लावण्यामागचं शास्त्र

गुडघा धरला, कंबर आखडली की फिजिओथेरपिस्टकडे ‘करंट लावायला’ जाणारी माणसं आता घरोघरी आहेत. पॅड चिकटतात, बटण फिरतं, मुंग्या येतात, पंधरा-वीस मिनिटांनी बरं वाटतं. पण त्या मुंग्यांनी दुखणं का कमी व्हावं?

विजेचा हा उपयोग फार जुना आहे. पहिल्या शतकात रोमचा वैद्य स्क्रिबोनिअस लार्गस पाय बधिर होईपर्यंत विजेरी माशावर पाय ठेवायला सांगत असे. त्यामागचं कारण मात्र 1965 साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं. गुडघा आपटला की आपण लगेच चोळतो. चोळण्याचा स्पर्श जाड, वेगवान तंतूंमधून मज्जारज्जूत पोचतो आणि बारीक तंतूंमधून येणाऱ्या वेदनेला पुढे जाऊ देणारं दार अर्धवट लोटून घेतो. मग हाच स्पर्श विजेने निर्माण केला तर? वॉल आणि विल्यम स्वीट यांनी आधी स्वतःच्याच चेहऱ्यातल्या नसेवर ते करून पाहिलं आणि 1967 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तळहातावर मावणारं आजचं ‘टेन्स’ यंत्र याच विचारावर चालतं. सेकंदाला साधारण 80 ते 100 स्पंदनं, पण प्रत्येक स्पंदन सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान.

त्याचा मोठा भाऊ म्हणजे ‘आयएफटी’. व्हिएन्नाच्या हान्स नेमेक यांनी ती पुढे आणली. जास्त वारंवारितेच्या प्रवाहाला त्वचा कमी अडवते. म्हणून 4000 आणि 4100 हर्ट्झचे दोन प्रवाह आडवे-उभे सोडायचे. ते एकमेकांना छेदतात तिथे फरकाचे 100 हर्ट्झ उमटतात. चार पॅड फुलीसारखे लावतात ते यासाठी.

तरीही नुसतं करंटवर भागवणं मला पटत नाही. कंबरदुखीसाठी टेन्स किंवा आयएफटी देऊ नये, असं ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2016 मध्ये स्पष्ट सांगितलं. यंत्राने मिळणारा आराम बहुतेकदा काही वेळापुरता असतो. तेवढ्या वेळात व्यायाम करून घेतला तर त्याचं चीज होतं. नाहीतर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खाटेवर.

या यंत्रांची खरी कमाल पाहायची तर स्नायूंवर. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मांडीचा पुढचा स्नायू जणू रुसतो. रुग्ण जीव तोडून प्रयत्न करतो, पण पाय सरळ उचलला जात नाही. मांडीवर दोन पॅड लावून प्रवाह हळूहळू वाढवला की स्नायू गोळा होतो, गुडघ्याची वाटी वर सरकते. अशा वेळी फिजिओथेरपिस्ट सांगतात, “आता तुम्हीही जोर लावा.” तो जोर लावणं हाच उपचाराचा गाभा. विजेने आकुंचन पावणारा स्नायू लवकर थकतो, म्हणून मधे विश्रांती लागतेच. सोव्हिएत संशोधक याकोव्ह कोट्स यांच्या पद्धतीत 10 सेकंद प्रवाह आणि 50 सेकंद विसावा, असं दहा वेळा करत. नसच तुटलेली असेल तर मात्र हे छोटे झटके कामाचे नाहीत. स्नायूला थेट जागं करायला कितीतरी लांब स्पंदनं लागतात.

1961 मध्ये लिबरसन आणि सहकाऱ्यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. अर्धांगवायूनंतर पाऊल लोंबकळणाऱ्या रुग्णाच्या बुटात, टाचेखाली, त्यांनी एक बटण बसवलं. टाच उचलली की विजेचा झटका बसायचा आणि पाऊल वर व्हायचं. रोजच्या चालण्यात गुंफलेली वीज मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते.

आता ही यंत्रं ऑनलाइन सहज मिळतात, म्हणून काही गोष्टी ठासून सांगायला हव्यात. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅड लावू नयेत. गळ्याच्या पुढच्या बाजूला, गरोदरपणी पोटावर किंवा जखमेवर तर नकोतच. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर ते आधी सांगावं, कारण कातडी भाजली तरी अशा माणसाला कळत नाही.