दोन घमेली माल आणि पार्किंगमधलं डबकं

पावसाळा संपला की गवंड्याला फोन जातो. गाडीच्या मागच्या चाकाशी दरवर्षी साचणारं तेच ते डबकं. आमच्याकडे गवंडी आला, चपलेनं कोबा चाचपला आणि म्हणाला, "साहेब, दोन घमेली माल टाकला की लेव्हल होऊन जाईल." टाकला. उन्हाळ्यात त्याचे पापुद्रे झाडूबरोबर निघाले. दोष त्याचा निम्माच, कारण खड्डा दिसला की भरायचा, हे माझंही मत होतं.

जुन्या कोब्यावर सिमेंटचा पातळ हात दिला की तो बसतो, ही समजूत जुनी आहे. पण जुना कोबा गुळगुळीत असतो, त्यात ऑइल मुरलेलं असतं. नवा माल वाळताना आकसतो, खालचा कोबा जागचा हलत नाही. मग कडेला थर जिथे कागदासारखा पातळ होत जातो, तिथून तो आधी सुटतो. म्हणून खड्ड्याची कड ग्राइंडरनं सरळ कापून घ्यायची, आत टाचे मारायचे, तेलकट भाग काढून टाकायचा. जागा धुऊन रात्रभर ओली ठेवायची, साचलेलं पाणी पुसायचं आणि सिमेंटची दाट खीर घासून ती ओली असतानाच माल भरायचा. थर निदान इंचभर हवा. काही दिवसांनी नाण्यानं ठोकून पाहा. खणखणीत वाजलं तर बसलंय, बद्द वाजलं तर सुटलंय.

हे सगळं करण्याआधी एक प्रश्न मात्र विचारायला हवा: पार्किंग खरंच लेव्हलमध्ये हवं का? नकोच. ते सपाट हवं, पण ढाळाचं. ढाळ साधारण शंभरास एक, म्हणजे मीटरला 1 सेंटिमीटर. 5 मीटर लांबीच्या जागेत मागची भिंत आणि दार यांत 5 सेंटिमीटरचा फरक हवा. तो नजरेनं कळत नाही आणि फूटभर लांबीच्या स्पिरिट लेव्हलवर नेमका मोजता येत नाही. त्यासाठी गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळीच बरी. नळीत बुडबुडा राहू द्यायचा नाही, नाहीतर माप फसतं. दोन्ही टोकांच्या भिंतींवर पाण्याच्या रेषेला खूण करायची, खुणांमध्ये दोरी ताणायची आणि दर अर्ध्या मीटरवर दोरीपासून जमिनीपर्यंतचं अंतर खडूनं तिथेच लिहायचं.

आमच्याकडे हे केलं तेव्हा गंमत कळली. डबक्याजवळचे आकडे बरोबर होते. चूक दारात होती, उंबऱ्यालगत कोबा 2 सेंटिमीटर वर होता. डबकं भरलं असतं तर पाणी फक्त शेजारी सरकलं असतं. शेवटी पुन्हा माल टाकावा लागलाच नाही, दारातला कोबा छिनीनं उतरवावा लागला.

सेल्फ लेव्हलिंगचं मटेरियल ओतलं की कटकट मिटते, असंही ऐकू येतं. ते पाण्यासारखं पसरतं, म्हणजे आहे तो ढाळही मारतं. घरात फरशीखाली किंवा व्हिनाइलखाली ते उत्तम. पण प्रायमरशिवाय तेही सुटतं, आणि त्यातले बरेच प्रकार टायरखाली उघडे ठेवण्यासाठी नसतातच.

तडा गेला की 'सिमेंट कमी घातलं' म्हणून ठेकेदाराला शिव्या बसतात. काँक्रीट आकसतंच. 4 इंची थराला दर अडीच-तीन मीटरवर सांधा कापला नाही, तर ते आपला सांधा स्वतः पाडतं, वेडावाकडा. मात्र पावसाळ्यात उचलली जाणारी आणि उन्हाळ्यात बसणारी जमीन हे वेगळं प्रकरण. सोलापूर किंवा विदर्भातल्या काळ्या मातीवर घर असेल तर ती माती पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यावर वरून कितीही थर चढवा, व्यर्थ. कोबा फोडून माती काढायची, 6-6 इंचांच्या थरांत मुरूम पाणी मारून धुम्मस करायचा, वर सोलिंग आणि मग काँक्रीट. भरावावर नुसतं पाणी सोडून तो 'आपोआप बसेल' म्हणणाऱ्याला तिथेच थांबवावं.

माल पातळ असला की छान सरकतो, हे खरं. पण 50 किलोच्या पोत्याला 25 लिटरच्या आसपास पाणी पुरतं, आणि त्यात वाळूतला ओलावाही मोजायचा. जास्तीचं पाणी उडून जातं, मागे छिद्रं ठेवतं, आणि वर्षभरात कोबा पिठासारखा झडू लागतो.

आणि कोबा वाळून घट्ट होत नाही. सिमेंटची पाण्याशी प्रक्रिया होते, म्हणून तो घट्ट होतो. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस 456 साध्या सिमेंटला निदान 7 दिवस ओल ठेवायला सांगतं, फ्लाय अ‍ॅशमिश्रित सिमेंटला किंवा कडक उन्हाच्या हवेत 10 दिवस. ढाळावर पाणी टिकत नाही, तेव्हा गोणपाट अंथरून ते भिजवत राहायचं. तेवढे दिवस गाडी बाहेर.

आमचं अर्धं उरलेलं पोतं जिन्याखाली तसंच राहिलं. त्याला कोणी थेंबभर पाणी घातलं नव्हतं. पावसाळी हवेतली ओल त्याला पुरली. आता ते दगड झालंय आणि गाडी मागे घेताना चाकाला ओट म्हणून कामी येतं.