छर्रे आणि भोवत्या

पाणपक्ष्यांची शिकार म्हटली, की आपल्या डोळ्यांसमोर बंदूक आणि बदक एवढेच येते. पण पाण्यावर तिसराही एक हजर असतो. तो म्हणजे शिकारी पक्षी.

पुणे जिल्ह्यात त्याची गाठ हमखास पडते ती भिगवणला. १९८० साली उजनी धरण पुरे झाले, भीमेचे पाणी मागे पसरले आणि हिवाळ्यात उत्तरेकडची बदके तिथे उतरू लागली. त्यांच्याबरोबर दलदल भोवत्याही येऊ लागला. साधारण घारीएवढा, तपकिरी, लांब पंखांचा पक्षी.

१९८६ च्या हिवाळ्यात मी त्या भागातल्या एका शाखेत बँक अधिकारी होतो. छोट्या शिकारीच्या परवान्याची तरतूद तेव्हा कायद्यात होती. आमच्या एका बंदूकवाल्या खातेदाराबरोबर मी दोन-तीनदा पहाटे काठावर गेलो. माझ्या हाती फक्त दुर्बीण.

उजाडता उजाडता भोवत्या पाणकणसावरून तरंगत यायचा. त्याला पाहताच काळे वारकरी पक्षी पाण्यावर एकमेकांना खेटून गठ्ठा करीत. हा वरून घिरट्या घाली आणि मागे कोण पडतो ते पाही. कर्ज देण्यापूर्वी आम्हीही माणूस असाच पारखत असू. फरक एवढाच, की आम्हाला सबळ हवा असे आणि त्याला दुबळा.

बार झाला, की थवा उठे. एखादे बदक छर्रे खाऊन दूर गवतात पडे. चिखल तुडवीत आम्ही पोचेपर्यंत भोवत्या त्यावर बसलेला असे. ‘‘साहेब, गेला आपला माल!’’ खातेदार हळहळत.

त्या मालाबरोबर भोवत्याच्या पोटात काय जात होते, ते मला पुढे वाचनातून कळले. छर्रे शिशाचे असत. जठरातल्या आम्लात शिसे विरघळते, रक्तात उतरते आणि मज्जासंस्था पोखरते. फ्रान्समधल्या कामार्गच्या दलदलीत भोवत्यांच्या रक्तात ते सापडले. अमेरिकेत विषबाधेने गरुड मरू लागले, तेव्हा पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांवर १९९१ पासून देशभर बंदी आली. युरोपीय संघात पाणथळ जागी अशी बंदी लागू व्हायला २०२३ उजाडले.

आपल्याकडे १९९१ च्याच दुरुस्तीने शिकारीचे परवाने संपले. हेतू बदके वाचवण्याचा असेल; पण त्यात भोवत्याही वाचला, ही गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. दुबळा शोधणे हे त्याचे कामच. बंदूक मात्र धडधाकट बदकाला दुबळे करी आणि वर त्यात विष भरून ठेवी.

या हिवाळ्यात भिगवणला गेलात, तर रोहित पक्ष्यांवरून नजर काढून थोडा वेळ पाणकणसाकडे पाहा. वारकरी एकाएकी गोळा झाले, की समजा, तो आला.