मॅरेथॉननंतरचा महिना



शर्यतीच्या आधी काय करावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. काय खावे, किती धावावे, कोणते बूट घ्यावेत, याबद्दल प्रत्येकाकडे एक तरी सल्ला असतो. शर्यत संपल्यावर पुढचा महिना कसा काढावा हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आम्हालाही ते नीट ठाऊक नव्हते. त्याचा त्रास आमच्या एका सहकाऱ्याला भोगावा लागला, म्हणून हा लेख.

आमचे एक शिक्षक गेल्या जानेवारीत मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये पूर्ण अंतर धावले. पूर्ण अंतर म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. आपल्या जामसांवलीहून नागपूरला निघालो, तर जवळपास दोन तृतीयांश वाट धावत कापण्यासारखे हे आहे. रविवारी शर्यत झाली, मंगळवारी ते गावी परतले आणि बुधवारी प्रार्थनेच्या वेळी आम्ही त्यांचा सत्कार केला. शाल दिली, श्रीफळ दिले. तेथेच थांबलो असतो तर बरे झाले असते. पण आम्ही उत्साहाच्या भरात त्यांना म्हणालो, "सर, मुलांबरोबर मैदानाच्या चार फेऱ्या मारा, मुलांना स्फूर्ती मिळेल." सरांनी नाही म्हटले नाही. मुले पाहत असताना कोण नाही म्हणेल? त्यानंतर ते रोजच धावू लागले. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या डाव्या नडगीत कळ येऊ लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितले की हाडावर ताण आला आहे, सहा आठवडे धावणे बंद. सर मैदानावर येईनासे झाले, तशी पहाटे त्यांच्यासोबत धावणारी निम्मी मुलेही येईनाशी झाली. चूक सरांची नव्हती, आमची होती.

मॅरेथॉननंतर शरीरात काय होते ते आधी समजून घेऊ. आपले शरीर पिठूळ आणि गोड अन्नातून मिळालेली साखर स्नायूंमध्ये व यकृतात साठवून ठेवते. या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. एवढ्या लांब शर्यतीत हा साठा जवळजवळ संपतो. तीसेक किलोमीटरनंतर अनेकांचे पाय एकाएकी जड होतात, त्याचे हे मोठे कारण आहे. व्यवस्थित जेवण मिळाले तर साठा काही दिवसांत पुन्हा भरतो. स्नायूंच्या तंतूंना मात्र हजारो पावलांच्या आघाताने बारीक इजा झालेली असते. पायऱ्या उतरताना मांड्या दुखतात, त्या यामुळेच. हे दुखणे चार-पाच दिवसांत कमी होते, पण आतली दुरुस्ती त्यानंतरही चालू राहते. स्नायू हाडाला बांधून ठेवणारे कंडरे आणि स्वतः हाडे यांची दुरुस्ती सर्वांत सावकाश होते. कंडऱ्यांना रक्तपुरवठा कमी असतो आणि हाडाची झीज भरून येण्यास आठवडे, कधी महिने लागतात.

येथेच माणूस फसतो. दम लवकर परत येतो, स्नायू त्याच्यामागून येतात आणि हाडे सर्वांच्या शेवटी. आठव्या दिवशी धावणाऱ्याला वाटते, आपण ठणठणीत आहोत. छाती धाप लागू देत नाही, मांड्या दुखत नाहीत, मग थांबायचे कशाला? पण नडगीचे हाड अजून तयार नसते, आणि ते आधी बोलत नाही. ते बोलते तेव्हा उशीर झालेला असतो. आमच्या सरांचे नेमके हेच झाले.

आपल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या मुलांना ही गोष्ट संत्र्याच्या बागेवरून चांगली समजेल. आंबिया बहार धरायचा असेल तर शेतकरी डिसेंबरात झाडाचे पाणी तोडतो, म्हणजे झाडाला ताण देतो. जानेवारीत ताण सोडायची वेळ आली की जाणता शेतकरी एकदम भरपूर पाणी सोडत नाही. पहिले पाणी हलके देतो, दुसरे थोडे जास्त आणि मग नियमित पाळ्या सुरू करतो. घाई केली तर फुलोरा बिघडतो. ताण सोडायलाच विसरला तर झाड वाळते. मॅरेथॉन हाही शरीराला दिलेला मोठा ताण आहे. योगायोग असा की मुंबईची शर्यतही जानेवारीतच भरते. तेव्हा घरचे वडीलधारे बागेत जे करतात, तेच धावणाऱ्याने आपल्या पायांशी करायचे आहे.

किती दिवस जपायचे, याचा एक सोपा हिशेब आहे. न्यूझीलंडचे धावपटू जॅक फॉस्टर यांच्या नावाने तो सांगितला जातो. फॉस्टर यांनी वयाच्या बत्तिशीत धावायला सुरुवात केली आणि १९७४ च्या क्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत, ४१ व्या वर्षी, मॅरेथॉनचे रौप्यपदक मिळवले. हिशेब असा की शर्यत जितक्या मैलांची, तितके दिवस पुन्हा जोराने धावायचे नाही. मैल म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर. त्यानुसार पूर्ण मॅरेथॉननंतर २६ दिवस, अर्ध्या मॅरेथॉननंतर १३ दिवस, १० किलोमीटरनंतर ६ दिवस आणि ५ किलोमीटरनंतर ३ दिवस. हा काही शास्त्राचा नियम नाही, अनुभवाचा ठोकताळा आहे. वय जास्त असेल किंवा शर्यत उन्हात झाली असेल तर आणखी दिवस घ्यावेत.

आता चार आठवड्यांचा क्रम पाहू. पूर्ण मॅरेथॉन धावलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी तो असा ठेवता येईल.

पहिला आठवडा: धावणे नाही. पहिले दोन दिवस घरातल्या घरात आणि अंगणात चालावे, पुढे रोज १५ ते ३० मिनिटे सपाट रस्त्यावर चालावे. अंग ओढून ताणण्याचे व्यायाम टाळावेत. झोप पूर्ण घ्यावी. जेवणात भाकरी-पोळी, भात, वरण, दूध, दही, शेंगदाणे, गूळ आणि खात असाल तर अंडी असावीत. महागड्या डब्यातली पावडर लागत नाही.

दुसरा आठवडा: एक दिवसाआड २० ते ३० मिनिटे अगदी हळू धावावे. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. बोलताना दम तुटत असेल तर वेग जास्त आहे असे समजावे. डांबरी रस्त्यापेक्षा मैदानाची किंवा शेतवाटेची सपाट माती बरी.

तिसरा आठवडा: चार दिवस, ३० ते ४५ मिनिटे. घड्याळ घरी ठेवावे. कोणाशी चढाओढ नको, टेकडी नको.

चौथा आठवडा: नेहमीच्या अंतराच्या साधारण दोन तृतीयांश धावावे. शेवटी शेवटी शंभर मीटरच्या तीन-चार मोकळ्या धावा घेता येतील. सर्व ठीक असेल तर पाचव्या आठवड्यापासून नेहमीचा सराव सुरू करावा.

या काळात दोन गोष्टींकडे लक्ष असावे. सकाळी उठण्याआधी अंथरुणातच एक मिनिट नाडी मोजावी. ती नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त असेल तर त्या दिवशी विश्रांती घ्यावी. दुसरी गोष्ट दुखण्याची. दोन्ही मांड्या सारख्याच जड वाटणे हा थकवा आहे. पण एकाच पायात, बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, धावताना वाढत असेल किंवा त्या पायावर लंगडी घालताना कळ येत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांकडे जावे. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवून निजणे होय. शर्यतीनंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर वाट न पाहता लगेच दवाखाना गाठावा, कारण मूत्रपिंडाला धोका असू शकतो.

काही जणांना भीती वाटते की एवढी विश्रांती घेतली तर कमावलेली ताकद जाईल. तसे होत नाही. महिन्यांच्या मेहनतीने आलेला दम दहा-पंधरा दिवसांत थोडासाच उतरतो आणि लवकर भरून येतो. मोडलेले हाड मात्र पूर्ण हंगाम घेऊन जाते. केनियाचे एलिउड किपचोगे जगातील श्रेष्ठ मॅरेथॉनपटू गणले गेले, पण आपल्या ऐन बहराच्या काळातही ते वर्षाकाठी बहुधा दोनच मॅरेथॉन धावत.

आपल्या मराठी मुलखातले उदाहरण ललिता बाबर यांचे आहे. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातील मोही या दुष्काळी गावची ही मुलगी. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत त्या २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे पहिल्या आल्या. जानेवारी २०१४ ची मॅरेथॉन झाली आणि त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, कांस्यपदक मिळवले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्या याच प्रकारात अंतिम फेरीत पोहोचल्या आणि दहाव्या आल्या. पी. टी. उषा यांच्या १९८४ च्या अंतिम फेरीनंतर ऑलिंपिकच्या धावमार्गावर भारतीय महिलेने अंतिम फेरी गाठण्यास ३२ वर्षे लागली होती. मुलांनो, यातून एवढेच घ्या की जानेवारीतली शर्यत हा त्यांच्या वर्षाचा शेवट नव्हता, सुरुवात होती.

येथे दुसऱ्या प्रकारच्या चुकीकडे वळतो. काही जण लवकर धावून पाय दुखावतात, तर काही जण पुन्हा धावतच नाहीत. सहा महिने एकच तारीख डोळ्यांसमोर असते. ती तारीख गेली की पहाटे उठायला कारण उरत नाही. पदक भिंतीवर लागते आणि बूट माळ्यावर जातात. यावर उपाय एकच, वेळ मोडू नये. ज्या वेळी धावायला जात होता त्याच वेळी घराबाहेर पडावे, मग पहिल्या आठवड्यात नुसते चालायचे का असेना. अंतर कमी करा, वेग कमी करा, पण वेळ कमी करू नका. आणि शक्यतो एकट्याने जाऊ नका. दारात मित्र उभा असला की पांघरूण लवकर सुटते.

शाळेच्या मुलांसाठी थोडे वेगळे सांगायचे आहे. पूर्ण मॅरेथॉन अठरा वर्षांखालील मुलांसाठी नाही. वाढत्या वयात हाडांची टोके अजून पक्की झालेली नसतात. तुमच्यासाठी छोटी अंतरे पुरेशी आहेत. सैन्यभरतीची तयारी करणारी आपली मोठी मुले रोज पहाटे १६०० मीटर पूर्ण जोर लावून धावतात आणि रोज वेळ मोजतात. फॉस्टर यांच्या हिशेबाने १६०० मीटर म्हणजे एक मैल, तेव्हा मध्ये किमान एक दिवस हलका हवाच. रोज परीक्षा दिली तर अभ्यास कधी होणार? आठवड्यातून एकदा वेळ मोजा, बाकीचे दिवस सरावाचे ठेवा.

सन्माननीय विश्वस्तांना एक नम्र विनंती आहे. आमच्या वार्षिक धाव स्पर्धेत चमकलेल्या मुलांना पंधरा दिवसांतच दुसऱ्या शर्यतीत उतरवावे, अशी सूचना मागील बैठकीत आली होती. त्यामागचे शाळेवरील प्रेम आम्ही जाणतो. परंतु सरांच्या अनुभवानंतर आम्ही ती न स्वीकारण्याचे ठरवले आहे. यापुढे शर्यतीनंतरचा सत्कार बसून होईल, कोणालाही मैदानाची फेरी मारायला सांगितले जाणार नाही. स्पर्धेनंतर ठरलेले दिवस शाळेचे स्टॉपवॉच कपाटात राहील. मैदान मात्र रोज पहाटे उघडे असेल. दुखत असल्याचे सांगणाऱ्या मुलाला कोणी शिक्षक रागावणार नाही. पालकांनीही घरी आलेल्या मुलाला "कितवा नंबर आला" हे विचारण्याआधी "पाय कसा आहे" हे विचारावे.

आपल्या जामसांवलीच्या पिंपळाखाली मारुतीराय पहुडलेले आहेत. समुद्र ओलांडणाऱ्या या देवाचे येथले रूप निजलेले आहे आणि आपण त्याच रूपाला हात जोडतो. शनिवारी दर्शनाला जाल तेव्हा पोरांना हे अवश्य दाखवा. विश्रांती घेणारा कमजोर असतो, असे मग त्यांना वाटणार नाही.

आमचे सर आता पुन्हा मैदानावर येऊ लागले आहेत. सध्या ते चालतात, मधूनच थोडे धावतात आणि मुलेही त्यांच्यासोबत चालतात. ज्या मुलांनी येणे सोडले होते, त्यांना या लेखातून निरोप आहे की सकाळी साडेपाचला फाटक उघडते. हळू चालणाऱ्यांचेही स्वागत आहे.

आपला,
प्राचार्य